आज्जांनी न सांगितलेला शब्द

ज्या दोन माणसांना हे सांगायला हवं होतं, त्यांतलं एक आता या जगात नाही. दुसरीला सांगायची माझी छाती होत नाही. म्हणून तुम्हाला सांगते आहे. तुमचा यात काही संबंध नाही, तुम्ही मला ओळखतही नाही — आणि खरं विचाराल तर म्हणूनच. माझ्या नवऱ्यालासुद्धा हे कधी कळलं नाही. तो गेला तेव्हा मी खूप रडले, आणि त्या रडण्यात कुठेतरी सुटकाही होती, की आता याच्यापासून काही लपवायला नको. बघा, सुरुवातच अशी झाली.

भानगड एका मेंढीची आहे. हसू नका. एके काळी मलाही हसू यायचं.

मी कराडच्या एका कॉलेजात मराठी आणि भाषाशास्त्र शिकवत होते. राहायला शेजारीच, मलकापुरात. माहेर उसाचं आणि पलटणीचं. घरातले पुरुष एक तर रानात नाहीतर सरहद्दीवर, आणि मी एकटी पुण्याला जाऊन रशियन शिकत होते. रशियनच का? लोक विचारायचे तेव्हा मी काहीतरी भारदस्त सांगायची. खरं कारण असं, की दुसऱ्या सगळ्या वर्गांच्या जागा भरल्या होत्या. पण एकदा शिकायला लागले आणि मला त्या भाषेच्या आईचा नाद लागला.

आईचा म्हणजे — रशियन, पोलिश, सर्बियन या सगळ्या बहिणी ज्या एका जुन्या भाषेतून निघाल्या, त्या भाषेचा. तिच्यात कुणी एक ओळ लिहून ठेवलेली नाही. ती बोलणारं कुणी उरलेलं नाही. मग ती कळते कशी? लेकींची तोंडं बघून आई कशी दिसत असेल ते ताडावं, तशी. रशियन बाई मेंढीला एक म्हणते, पोलिश बाई जवळपास तेच म्हणते, सर्बियनही तेच. मग अभ्यासक सगळं जुळवून ठरवतात, की आई 'ओवित्सा' म्हणत असणार. आणि त्या शब्दाच्या आधी एक बारीक तारा काढतात. तो तारा म्हणजे आमच्या धंद्यातला प्रामाणिकपणा. हा शब्द आम्ही बसवलेला आहे, कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही, एवढं वाचणाऱ्याला आधीच सांगून टाकायचं.

ही 'ओवित्सा' माझी फार लाडकी. स्त्रीलिंगी, आपल्या मालेसारखी आकारान्त. हाक मारताना तिची 'ओवित्से' होते, जशी संस्कृतात मालेची 'माले'. पोटात 'ओवि' म्हणजे मेंढी, आणि मागे लाडाची शेपटी, 'का'. इकाराच्या संगतीत ती शेपटी बदलत बदलत 'त्सा' झाली. पण एका ठिकाणी ती जशीच्या तशी राहिली. कुठे? आपल्याकडे. संस्कृतात मेंढीला 'अविका' म्हणायचे. कुठे ते बर्फातले लोक आणि कुठे आपण, आणि मेंढीला लाडानं म्हणायचं ते दोघांचं एकच! पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी वसतिगृहात खोलीतल्या मैत्रिणीला झोपेतून उठवून सांगितलं होतं. तिनं कूस बदलली.

मराठीत मात्र अविका आली नाही. आपण मेंढी म्हणतो, तो शब्द वेगळ्याच घरातला. नोकरी लागल्यावर माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. अविका खरंच कुठेच उरली नसेल? माण तालुका तर आमच्या जिल्ह्यातला. पाऊस त्या बाजूला फिरकत नाही, पण पिढ्यानपिढ्या मेंढरांमागं चालणारी माणसं तिथं आहेत. झिजून झिजून 'आवी' म्हणून एखाद्या म्हाताऱ्याच्या तोंडात ती राहिली असेल तर?

प्रश्नात काही पाप नव्हतं. पाप पुढे आहे. मी तिथं जायचं टाळते आहे, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल.

पुण्याला एक परिषद होती. बाहेरदेशीचे लोक येणार होते. मी माझ्या निबंधाचं नाव कळवून बसले होते — 'अविकेचा माणदेशी वंश'. शब्द हातात नसताना. बारसं उरकलं होतं आणि पोराचा पत्ता नव्हता. परिषद तोंडावर आली तेव्हा मी दहिवडीच्या गाडीत बसले.

माणातल्या एका वाडीवर सिदूआज्जा राहायचे. धनगर. कमरेत वाकलेले, पण आवाज असा, की पलीकडच्या माळावरचं कुत्रं कान टवकारायचं. भर उन्हात गेले मी. त्यांनी घोंगडं अंथरलं, सुनेला चहा टाकायला सांगितला आणि माझ्यासमोर बसले. कोकराला काय म्हणता, मेंढ्याला काय, गाभण मेंढीला काय — सगळं हौसेनं सांगितलं. मग मी विचारलं, "आज्जा, मेंढीला कुणी आवी म्हणायचं का हो?" ते म्हणाले, "म्हणत आसतील बाई जुनी मानसं."

हे असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. म्हाताऱ्यानं अर्धवट होकार दिला, मी तो पुरता करून लिहिला — उत्साहाच्या भरात होतं माणसाकडून! कुणाकडून होत नाही?

थांबा. हेही खोटं आहे. आत्ता, तुमच्यापाशी सुद्धा माझ्या तोंडून तेच निघालं.

ते तसं म्हणाले नव्हते. ते म्हणाले, "न्हाई." मी पुन्हा विचारलं. "न्हाई बाई. मेंढरू म्हंजी मेंढरू." मी शब्द फिरवून, लाडीगोडी लावून आणखी विचारलं. तुमचे वडील म्हणायचे का? आई? कुठल्या गाण्यात? त्यांना खरोखर वाईट वाटायला लागलं. पाहुणी कराडवरनं उन्हातानाची आली आणि रिकामी चालली, हे त्यांना बघवेना. शेवटी ते म्हणाले, "आवं बाई, आसता तर दिला नसता व्हय? शब्द द्यायला आमचं काय जातंय?"

आता यात कुठे फट आहे, सांगा. कुठे मला ऐकू कमी आलं? कुठे गैरसमज झाला? सरळ, स्वच्छ 'न्हाई' होतं ते. मी चहा प्याले, त्यांच्या पाया पडले, घरी आले, आणि लिहिलं — आवी, म्हणजे मेंढी, माण तालुका, सांगणारे सिदू, वाडीवरचे वृद्ध मेंढपाळ. तारा दिला नाही. म्हणजे आमच्या भाषेत अर्थ असा, की हा शब्द मी माझ्या कानांनी जिवंत माणसाच्या तोंडून ऐकला आहे. वर एक वाक्य जोडलं, की मेंढी चुकली की आज्जा 'आवे, आवे' अशी हाक घालतात. ओवित्सेची ओवित्से, तशी आवीची आवे. किती सुरेख जुळलं होतं! जुळणारच. दोन्ही बाजू मीच शिवल्या होत्या.

परिषदेत टाळ्या पडल्या. एक पांढऱ्या केसांचे परदेशी प्राध्यापक डोळे पुसत माझ्यापाशी आले. निबंध छापून आला, त्याचे हवाले दुसऱ्यांच्या निबंधांत यायला लागले, कॉलेजात मला वरची जागा मिळाली. सिदूआज्जा त्यानंतर लवकरच वारले. मला कुणीतरी दहिवडीहून कळवलं. मी 'अरेरे' म्हणाले, आणि मनात काय आलं सांगू? आता विचारायला कुणी जाऊ शकणार नाही. हे आलं मनात. पहिल्यांदा हेच आलं.

मग काही वर्षांनी रूपाली आली.

एम.ए.च्या वर्गात पुढच्या बाकावर बसायची. बारीक, काळीसावळी, प्रश्न विचारताना मान खाली घालणारी, पण विचारल्याशिवाय न राहणारी. पहिल्या आठवड्यात तास संपल्यावर ती टेबलाशी येऊन थांबली. "मॅडम, तुमच्या निबंधातला सिदू, त्यो माजा आज्जा." माझ्या हातातला खडू तसाच राहिला. ती पुढे म्हणाली, "आज्जानं तुमाला शब्द दिला. आमाला कवा बोलला न्हाई त्यो." तक्रार नव्हती हो त्यात. नवल होतं, आणि थोडंसं दुखणं. त्या एका निबंधापायी ती घरच्यांशी भांडून आमच्या कॉलेजात आली होती.

तेव्हा सांगता आलं असतं. पोरी, तुझ्या आज्जांनी असलं काही सांगितलं नाही — एवढंच. वर्गात दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणाले, "फार मोठा माणूस होता तुझा आज्जा." ती इतकी खूश झाली, की मला तिच्याकडे बघवलं नाही.

तिनं माझ्याच हाताखाली पीएच.डी. धरली. विषय, मेंढपाळांची शब्दसंपत्ती. आणि मधोमध, आज्जाची आवी. नाही म्हणायला हवं होतं ना मी? पण का नाही म्हणता, असं कुणी विचारलं असतं तर? शिवाय मनाशी म्हटलं, चार ठिकाणी फिरेल, कंटाळेल, विषय बदलेल. वडिलांनी तिचं लग्न या पदवीपुरतं थांबवलं होतं. भावकीत बोलणी खाऊन थांबवलं होतं. मला हे माहीत होतं. तिनंच सांगितलं होतं.

ती कंटाळली नाही. माणातल्या वाड्यावस्त्या तिनं पायाखाली घातल्या. दिवाळीनंतर मेंढरं जगवायला माणसं खाली उतरतात, कृष्णाकाठी, वाळव्याकडं, सांगलीकडं. शेतकरी खतासाठी आपल्या मोकळ्या रानात मेंढरं बसवून घेतात. रूपाली त्या तळांवर जायची, बायांबरोबर भाकरी थापायची, म्हाताऱ्यांपाशी बसायची आणि विचारायची. मेंढीला आवी म्हणायची का वं आपली मानसं?

आणि मग एक विलक्षण गोष्ट घडायला लागली. म्हातारे 'व्हय' म्हणायला लागले. आधी 'न्हाई' म्हणायचे, मग ती सिदूची नात आहे हे कळलं, की म्हणायचे, "तुजा आज्जा म्हनला आसंल तर आसंल की पोरी." सिदू त्या मुलखातला मानाचा माणूस. गेलेल्या माणसाचा शब्द, त्याच्याच नातीच्या तोंडावर, कोण खोटा पाडणार? तळामागून तळ तिला होकार मिळत गेले. माझ्यापाशी एक नव्हता, तिच्यापाशी ढीग होता. तिनं ते होकार मांडले असते तर तिला पदवी मिळाली असती, माझं पाप पक्कं झालं असतं, आणि सगळे सुखी!

ती मलकापूरला घरी आली. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहूनच बोलली. "मॅडम, ही मानसं माज्या तोंडाकडं बघून व्हय म्हणत्यात. ह्ये धरायचं न्हाई. माजं म्हणणं, शब्द आज कुठं मिळत न्हाई, आसंच लिहावं. लिहू का?"

लिहू का, असं विचारलं तिनं मला. परवानगी मागितली — खरं लिहायची.

तिला माझा संशय आला नव्हता. हे नीट समजून घ्या. तिला वाटत होतं, शब्द होता, आज्जाबरोबर गेला. तिच्या वडिलांना, आप्पांनाही, तेच वाटायचं. आणि त्यांच्या मनात त्याचा सल राहिला होता. ती मला एकदा म्हणाली होती, की आप्पा घोटभर प्याले की म्हणतात, बापानं मला मेंढरं दिली, शब्द दिला न्हाई. परक्या बाईला दिला. आपण बापाच्या मनातून उतरलो होतो की काय, असं एक पन्नाशीचा माणूस स्वतःला विचारत होता. माझ्यामुळे. आणि सिदूआज्जांनी तर त्या घोंगड्यावर बसून साफ सांगितलं होतं, की असता तर दिला असता.

पण तिनं 'मिळत नाही' असं लिहिलं असतं तर पुढे कुणीतरी विचारलं असतं, की मग एकट्या या बाईंनाच कसा मिळाला? ते मला दिसत होतं. मी गॅस बारीक केला. अगदी शांतपणे म्हणाले, "म्हणजे तू तुझ्या आज्जांना खोटं ठरवणार?"

मी आणखी म्हणाले — थांबले नाही हो, आणखी म्हणाले — "तुला विचारायचं कसं ते जमलेलं नाही. मला एका दुपारी मिळालं, तुला एवढ्या दिवसांत मिळत नाही. दोष शब्दाचा नाही, रूपाली."

तिनं मान खाली घातली. "व्हय मॅडम," म्हणाली. पायात चप्पल घालताना तिला चपलेचा अंगठा सापडत नव्हता. मी दारात उभी राहून बघत होते. मला तिची दया आली नाही. भीती वाटत होती फक्त, आणि ती जिना उतरून गेल्यावर हायसं वाटलं. हे मला आजही विसरता येत नाही, की हायसं वाटलं.

तिनं प्रबंध सोडला. आज्जाला खोटं पाडायचं नव्हतं आणि खोटं लिहायचंही नव्हतं. मग तिसरी वाट कुठली होती तिला? वडिलांनी आटपाडीकडच्या स्थळाला होकार कळवला. लग्नाची पत्रिका मला आली. मी गेले नाही, साडी पाठवली. तिच्याइतकी चांगली विद्यार्थिनी मला आधी मिळाली नाही आणि नंतरही नाही. हे मी शिफारसपत्रात कुणा भलत्याच मुलीबद्दल लिहिलं होतं, पुढच्या वर्षी.

माझी नोकरी मानानं संपली. निरोपसमारंभात आवीचा उल्लेख झाला. मध्ये कित्येकदा वाटलं, की छापून आणावं एक टिपण, की तो शब्द मागे घेते आहे. दोन ओळींचं काम. कागद घेऊन बसायचे आणि उठून कुकर लावायचे. वर्षं गेली. आज्जा तर आधीच गेले होते, मग तिचे आप्पाही गेले. बापानं शब्द का दिला नाही, हे न कळताच गेले. आता टिपण छापलं तरी ते कोण त्यांना वाचून दाखवणार आहे?

मागच्या हिवाळ्यात दहिवडीला मातृभाषेवर बोलायला मला बोलावलं होतं. ओळख करून देणाऱ्या तरुणानं मला माणच्या मातीतला हरवलेला शब्द शोधणारी बाई म्हटलं. टाळ्या झाल्या. मी हात जोडले. मागच्या रांगेत एक बाई मुलीला मांडीवर घेऊन बसली होती आणि सगळ्यांपेक्षा जास्त वेळ टाळ्या वाजवत होती. ती रूपाली होती.

कार्यक्रमानंतर ती पुढे आली. कानाजवळचे केस पिकलेले, हात रापलेले. नवरा मुंबईला असतो, म्हणाली, आपण घरची मेंढरं बघते. मग तिनं मुलीला पुढे केलं. "सांग मॅडमना, मेंढीला आपल्यात काय म्हणत्यात?"

"आवी," मुलगी म्हणाली. शाळेतली कविता म्हणावी तशी, मोठ्यांदा.

"रोज म्हणायला लावती मी," रूपाली म्हणाली. "माज्या आज्जाचा शब्द हाय. मला राखता आला न्हाई. हिच्यातनं तरी जायला नको." मग तिनं मुलीला बाजूला केलं, खाली वाकली आणि माझे पाय धरले. "मॅडम, तवा माजं चुकलं. मी नीट विचारलंच न्हाई कुणाला. उगं तुमच्या नावाला बट्टा लावाय निघाले हुते. लय दिस मनात हाय, म्हटलं येऊन बोलावं."

भोवती माणसं होती. कुणीतरी जेवायला चला म्हणत होतं. पण ते काही कारण नव्हे. मी बोलले असते तर ऐकणाऱ्यांनी ऐकलं असतं, आणि मी तिला जरा बाजूला घेऊन गेले असते तरी ती आली असती. ती माझ्यासाठी कुठेही आली असती.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "जाऊ दे गं. मी ते केव्हाच विसरले."

तिनं वर बघितलं. डोळे भरले होते, आणि चेहरा असा हलका झाला होता, की वर्गातली ती पुढच्या बाकावरची पोर मला क्षणभर दिसली. पदरानं तिनं तोंड पुसलं, मुलीचं बोट धरलं आणि ती स्टँडकडे निघाली. जाता जाता दोनदा वळून हसली.

मी तिला माफ केलं होतं.